जहाजावरचा गार भात

परत आल्यापासून कडेगावातल्या बायका मला एकच विचारतात : जहाजावर उलट्या झाल्या का? नाही झाल्या. हे ऐकून त्यांचा हिरमोड होतो. एवढ्या लांब जाऊन म्हातारीला साधी उलटीसुद्धा झाली नाही, मग गेली कशाला? म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. ज्यांना जायचं आहे त्यांना याचा उपयोग होईल. ज्यांना जायचं नाही त्यांना जास्त होईल.

मी गेले ती नातीसाठी. रूपा ही माझ्या मुलाची मुलगी. पुण्यात हॉटेलचा कोर्स केला आणि एका मोठ्या जहाजाच्या स्वयंपाकघरात लागली. तिथं ती सुशी करते. सुशी म्हणजे जपानी लोकांचा भात. थोडा आंबट करायचा, मुठीत दाबायचा आणि वर कच्च्या माशाचा तुकडा ठेवायचा. नाहीतर शेवाळाच्या काळ्या कागदात भात गुंडाळून वळकटी करायची आणि सुरीनं तिचे तुकडे पाडायचे. हे घरी कळलं तेव्हा रूपाची आई म्हणाली, "मासा शिजवायचाच न्हाई, आणि वर पगार घ्यायचा? आमालाबी सांगा की अशी नोकरी."

रूपाचा बाप, म्हणजे माझा तानाजी, फौजेतून सुभेदार होऊन परत आला. चोवीस वर्षं बर्फात, वाळूत, सरकार पाठवेल तिथं राहिला. ते लांब नव्हतं. पोरगी समुद्रावर गेली ते लांब. तिची नेमणूक पुढच्या महिन्यात संपत होती. पुढची नेमणूक ती घेणार की नाही, हे आता ठरायचं होतं. तिनं अर्ज केला होता तो त्याच जहाजाच्या वरच्या मजल्यावरच्या सुशीच्या हॉटेलसाठी. तिथं एक जपानी उस्ताद आहे, त्याच्या हाताखाली शिकायला मिळतं म्हणे. इकडे तानाजीनं कराडचं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, दारात दोन म्हशी. पाहुणे उत्तर मागत होते. जहाजावर काम करणाऱ्यांच्या माणसांना सवलतीत फिरवतात म्हणून रूपानं मला बोलावलं, आणि तानाजीनं मला कामाला लावलं.

"आई, तुझं ती ऐकती. फुडची नोकरी घेणार न्हाई, असं तिच्याकडनं वदवूनच ये."

"आणि न्हाई वदली तर?"

"तुझ्याफुडं कोण न्हाई म्हणतंय?"

स्वतःला जमत नाही ते हाताखालच्या माणसाला सांगायचं, ही फौजेची रीत. आईला हाताखाली धरलं, एवढंच त्यात नवीन.

सोबतीला कुसुमाक्का आली. सांगलीची, जैनांची. आमची हळद तिच्या सासऱ्यांच्या अडतीवर जायची, तेव्हापासूनची ओळख. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच खात नाही. सूर्य मावळला की पाणीसुद्धा पीत नाही. अशा बाईला मी सुशी खायला जहाजावर नेलं. अक्कल माझीच.

सिंगापूर : चढलो

विमानाचं लिहीत नाही. बसलो आणि उतरलो.

जहाज साखर कारखान्याएवढं होतं. धुराडंही तसंच. कारखान्यात ऊस पिळतात, इथं माणसं चरतात. सकाळी सातला खाणं सुरू होतं ते थांबतच नाही. न्याहारी संपेपर्यंत जेवण मांडतात, जेवण आवरेपर्यंत चहा. गावच्या लग्नात तीन पंगती उठल्या की आम्ही म्हणतो मोठं लग्न झालं. इथं रोज तेच, आणि नवरा-नवरीचा पत्ता नाही.

पण सुशीचं तसं नाही. सुशी फक्त संध्याकाळी साडेपाचला. मोठ्या जेवणघराच्या कोपऱ्यात काचेमागे लांब ताट ठेवतात. सव्वापाचला तिथं रांग लागते. मी आधीच जाऊन जवळच्या टेबलावर दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकून आले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली पद्धत. त्याची कुणाला हरकत असेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. परत आले तर खुर्च्यांवर एक गोरं जोडपं बसलेलं आणि टॉवेल गायब. एका पोऱ्यानं तो हरवलेल्या वस्तूंत जमा केला होता. माझी वस्तू हरवली आहे, हे जहाजाला माझ्याआधी कळलं.

साडेपाचला ताट आलं. लिफ्टपाशी "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करणारी माणसं ताटावर अशी पडली की मला आमच्या आटपाडीच्या पाव्हण्यांकडचा पाण्याचा टँकर आठवला. दहा मिनिटांत ताट साफ. पुढचं ताट अर्ध्या तासानं. मला चार तुकडे मिळाले. एक मासा, दोन काकडी, आणि एक खेकडा. खेकडा म्हणून जे होतं त्याला आमच्या येरळा नदीतल्या खेकड्यानं ओळख दिली नसती. माशाचा भुगा चेपून त्याला लाल रंग लावलेला. बाजूला हिरव्या चटणीची गोळी. ती नाकातून जाते. आपला ठेचा निदान तोंडातून तरी जातो.

कच्चा मासा मी खाल्ला. त्याला ना वास, ना चव. माशाची तक्रार नाही. भाताची आहे. माझं माहेर पाटणच्या डोंगरातलं, भाताचं. भात मला कळतो. हा भात गार तर होताच, पण शीत न् शीत टणक झालेलं. दाताखाली कचकचत होतं. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायच्या आधी जसा असतो, तसा.

काचेमागे रूपा उभी होती. पांढरी टोपी, हातात लांब सुरी. बोलायची सोय नव्हती. तिनं नुसत्या भुवया उडवून विचारलं, कसं? मी मान हलवली. होयची की नाहीची, ते तिचं तिनं ठरवावं.

दुसरा दिवस : नुसतं पाणी

या दिवशी जहाज कुठंच थांबलं नाही. माणसं उघडीवाघडी उन्हात पडली होती. आपल्याकडे असं उन्हात हळद आणि मिरच्या पडतात, तेही कामासाठी.

दुपारी तीनला रूपाला अर्धा तास सुटी होती. परवानगी काढून ती आम्हाला भेटायला आली. मी गूळ लावून बोलत नाही. सरळ सांगितलं.

"तुझ्या बापानं धाडलंय मला. फुडची नोकरी घेणार न्हाई असं म्हण, म्हंजे मी मोकळी."

"म्हणती की," रूपा म्हणाली. "पण आदी वरचं हॉटेल बघून ये. मग सांग, म्हणू का नगं म्हणू."

"आणि तो कराडचा पोरगा?"

"त्याला मी बघितलेला न्हाई आजी. त्यानं मला बघितलेलं न्हाई. त्याच्या म्हशी तेवढ्या पप्पांनी फोटोत दाखवल्या."

कुसुमाक्का हसायला लागली. "चांगल्या आहेत काय गं म्हशी?"

"एक बरी हाय."

मग आम्ही वर गेलो. त्या हॉटेलात आठ खुर्च्या होत्या आणि आठही रिकाम्या. तिथं वेगळे पैसे पडतात. खाली फुकटच्या ताटासाठी हाणामारी, इथं चिटपाखरू नाही. उस्ताद साठीचा असेल. लाकडाच्या पसरट भांड्यात गरम भात पसरून, एका हातानं उलथन्यानं मोकळा करत होता आणि दुसऱ्या हातानं पंखा घालत होता. माझी आई सत्यनारायणाच्या जेवणाचा भात परातीत उपसून सुपानं असाच वारा घालायची. मी दाराशी उभी राहून बघत होते. त्यानं वाकून नमस्कार केला. मीही केला. दरपत्रक पुढं आलं तेव्हा आम्ही दोघीही वाकूनच बाहेर पडलो.

"भात गरम हाय त्याचा," मी रूपाला म्हटलं.

"गरम न्हाई, कोमट. हाताएवढा कोमट पायजे. त्यातच सगळं हाय आजी. मासा निम्मा, भात निम्मा न्हवं. भातच बारा आणे."

"मग तुझा का दगड झालाय?"

रूपानं इकडंतिकडं बघितलं. मग सांगितलं. खालचा भात दुपारी बाराला शिजवतात. साडेपाचला शेकड्यांनी तुकडे तयार लागतात, म्हणून दोनला वळकट्या करतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. नियमच तसा आहे. फ्रीजमध्ये भात मरतो, हे तिलाही माहीत होतं.

मी विचारलं, "तू खातीस का ती?"

ती टोपी सारखी करायला लागली.

आपल्याकडे लग्नात आचारी शेवटच्या पंगतीला बसतो. तो बसला की समजायचं, जेवण चांगलं होतं. तो "पोट भरलंय" म्हणाला की समजायचं काय ते. रूपानं उत्तर दिलं नाही, तेच उत्तर. खाली काम करणाऱ्यांच्या जेवणघरात ती डाळ-भात खाते म्हणाली.

संध्याकाळी कुसुमाक्काचा प्रश्न होता. व्हिनेगर आंबवलेलं, म्हणून नको. शेवाळ समुद्रातलं, त्यात किती जीव असतील, म्हणून तेही नको. फ्रीजमधला भात शिळा, तो तर नकोच. सुशीतून एवढं काढलं की खाली फक्त ताट उरतं. पण रूपानं तिच्यासाठी वेगळा वाटीभर भात लावला. त्यात लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली, ताटलीनंच वारा घातला आणि शेवाळाच्या जागी काकडीची पातळ लांब पट्टी सोलून तिच्यात भात गुंडाळला. सहा वाजता बशी आली. सूर्य सातच्या पुढं मावळणार होता. तरी कुसुमाक्का एकदा खिडकीकडं आणि एकदा बशीकडं बघत घाईघाईनं खात होती.

"हौसाबाई, एक घे की."

मी एक घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला तिनं बशी सरकवून घेतली.

त्या जहाजावरची सगळ्यात चांगली सुशी एका जैन बाईला मिळाली, तीही मासा, शेवाळ आणि व्हिनेगर नको म्हणाली म्हणून.

तिसरा दिवस : पेनांग

जहाज सकाळी बंदराला लागलं. शहरात देवळं होती, चिनी लोकांची आणि तामिळी लोकांचीही. रस्त्यावर जागोजाग खाणं. तामिळी खाणावळीत केळीच्या पानावर भात-सांबार मिळालं. कुसुमाक्कानं सांबारातले छोटे कांदे मोजून बाजूला काढले आणि मग सांबारच बाजूला केलं. ऊन आपल्यासारखंच, पण अंगाला चिकटणारं.

तिथंच लोणंदचं जोडपं भेटलं. नऊवारी बघून त्या बाईनं रस्त्यापलीकडून हाक मारली, "आवं मावशी, कुठलं गाव?" त्यांचा कांद्याचा व्यापार. पोराच्या हट्टानं याच जहाजावर आलेले. कांद्याचा व्यापारी आणि कुसुमाक्का एका रिक्षात बसले, हे मी डोळ्यांनी बघितलं. दोघंही सभ्यपणे हवापाण्यावर बोलले.

संध्याकाळी जेवणघरात सगळ्यांना एक कार्ड वाटलं. जेवण कसं, वाढणारे कसे, दोन्ही मिळून एकपासून दहापर्यंत गोल, त्यातला एक काळा करायचा. वर आपलं नाव-गाव आणि कोणत्या कोपऱ्यातलं खाल्लं ते लिहायचं. मला वाटलं, पोरीच्या कामाला येईल. लोणंदकरांना म्हटलं, "आमच्या नातीच्या सुशीवर लिवा की दोन शब्द." ते म्हणाले, "लिवतो की मावशी, त्यात काय." त्यांनी लिहिलं, त्यांच्या बायकोनं लिहिलं, कुसुमाक्कानं लिहिलं, मी लिहिलं. चार कार्डं पेटीत टाकून आम्ही समाधानानं आइस्क्रीम खाल्लं. आइस्क्रीम चांगलं होतं. ते गारच असतं.

चौथा दिवस : कार्डाचं फळ

दुपारी तीनला रूपा आली ती बसलीच नाही.

"आजी, सहा दिलेस?"

"मग? सहा काय कमी हाय?"

"कुसुमआजींनी सात. त्या लोणंदच्या दोघांनी सहा-सहा."

"म्हंजे चांगलेच दिले की सगळ्यांनी."

तिनं डोळे मिटले. मग सावकाश सांगितलं. या जहाजावर नऊ आणि दहा म्हणजे बरं. सात-आठ म्हणजे काही तरी बिघडलंय. सहा म्हणजे तक्रार. तिच्या ताटाला नऊ महिन्यांत कधी एका दिवसात अशी कमी आकड्यांची चार कार्डं आली नव्हती. मोठ्या आचाऱ्यानं सकाळी तिला बोलावून विचारलं, काल काय झालं? आणि वर शिकायला पाठवायचं की नाही, याचा कागद त्याच्याच टेबलावर होता.

मी शाळेत गेले ती चार वर्षं. आमच्या गुरुजींनी दहातले सहा दिले की आई गूळ वाटायची. आणि आपल्याच पोरीला दहापैकी दहा कोण देतं? दृष्ट लागते. सोन्यासारख्या बाळाला काजळाचा टिळा लावतो तो कशासाठी? कुसुमाक्कानं सात दिले तेव्हा मला मनातून वाटलं होतं, ही जरा जास्तच करते आहे. लोणंदकरांना बोलावून आणलं. त्यांचा चेहरा कांद्याचा भाव पडल्यासारखा झाला.

"ताई, मी उभ्या जन्मात कुठल्या मालाला एक नंबर म्हणलो न्हाई. चांगला म्हणलं की भाव चढतो. बरा हाय म्हणायची सवय. त्यातनं सहा दिले म्हंजे माझ्या हिशेबानं लय झालं."

"तुमच्या हिशेबानं माझी नोकरी गेली काका," रूपा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. रडत नव्हती. ते वाईट. "जाऊ दे आजी. येती मी घरी. पप्पांना सांग, म्हणली म्हणून. तुजं काम झालं."

झालं होतं. ज्यासाठी मला पाठवलं ते काही न करता, आइस्क्रीम खात खात मी करून ठेवलं होतं. कुसुमाक्का माझ्याकडं बघत होती. सांगलीची माणसं अशी वेळेवर गप्प बसतात.

मी रूपाला म्हटलं, "तुला यायचं असंल तर ये. पण माझ्या चुकीनं येऊ नगंस. घरी येऊन जन्मभर माझ्या कार्डाकडं बोट दाखवशील, आणि मला ते ऐकून घ्यायला लागंल. स्वतःच्या चुकीनं ये. चल, तुझ्या त्या आचाऱ्याकडं."

"तो भेटत न्हाई कुणाला."

"तक्रारवालीला भेटंल."

भेटला. तक्रारीला तिथं फार मान आहे. फिलिपिन्सचा माणूस, जाडजूड, पन्नाशीचा, डोळ्यांखाली झोप साठलेली. नाव मला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला आचारीच म्हटलं. तो इंग्रजी बोलत होता, मी मराठी, मधे रूपा. मी आमच्याकडं सहाचा अर्थ काय ते सांगितलं, दृष्टीचं सांगितलं. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं. मग विचारलं, म्हणजे तुम्हाला सुशी आवडली?

"न्हाई," मी म्हटलं.

रूपा माझ्याकडं वळली. "आजी, हे मी सांगणार न्हाई."

"सांग. पोरगी चांगली, भात वाईट. कार्डावर रकाना एकच होता."

तिनं सांगितलं. त्याचा चेहरा बदलला नाही. "का वाईट?" मी सांगितलं : बाराला शिजवता, फ्रीजमध्ये मारता, साडेपाचला मढं वाढता. तो नियम त्यानंच घातलेला, आणि त्याच्या तोंडावर त्याचाच नियम काढायला लागतोय, म्हणून रूपा एकेक शब्द चावून बोलत होती. मढं तिनं गाळलं असावं. मी पुन्हा म्हटलं. मग नाही गाळलं.

आचारी खुर्चीत मागं टेकला. म्हणाला, साडेपाचला ताट नाही निघालं तर शंभर माणसं ओरडतात. ताजा भात लावला तर साडेसहा वाजतात. वेळेवर हवं की चांगलं हवं? दोन्ही या जहाजावर मिळत नाही.

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "पंगत उशिरा बसली तर लोक शिव्या देतात आणि जेवून उठले की विसरतात. गार वाढलं तर ते पोरांच्या लग्नापर्यंत उकरून काढतात."

त्यानं माझ्या नऊवारीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग रूपाला काही तरी म्हणाला आणि फाइल ओढून घेतली. तो म्हणाला ते असं : कार्डं मागं घेता येत नाहीत. पण आज साडेपाचचं ताट नेहमीसारखं निघू दे, आणि साडेसहाला तुझं एक ताट ताज्या भाताचं काढ. बघतो.

साडेपाचचं ताट निघालं, दहा मिनिटांत संपलं, आणि माणसं पोट भरून नाचगाणी बघायला गेली. साडेसहाला रूपानं ताजं ताट काढलं तेव्हा जेवणघरात आम्ही चौघं, एक बाळ घेतलेली बाई आणि दोन-तीन चुकलेली म्हातारी माणसं. शंभर माणसांची सुशी चांगली झाली तेव्हा खायला शंभर माणसं नव्हती. याला कुणी काय करावं?

आम्ही खाल्ली. भात हाताएवढा कोमट होता, शीत न् शीत सुटं आणि तरी एकमेकांना धरून. त्यावर मासा ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तो कच्चा का ठेवतात. लोणंदकर सात तुकडे खाऊन म्हणाले, "बरी हाय." बायकोनं त्यांना कोपर मारलं. कुसुमाक्काची बशी वेगळी, लिंबाची. सूर्याला अजून अर्धा तास होता, पण ती खिडकीकडं पाठ करून बसली होती. म्हणाली, "मावळायला लागला तर सांग."

पावणेसातला आचारी आला. उभ्यानंच एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला हिरवी गोळी लावली. चौथा तुकडा हातात घेऊन निघून गेला.

रूपा काचेमागून बघत होती. तो गेल्यावर तिनं उरलेल्या ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

सिंगापूर : उतरलो

सकाळी उतरायच्या गडबडीत ती धावत आली. आचाऱ्यानं कागदावर लिहून पाठवलं होतं : वर तीन महिने शिकायला, मग बघू. चार कार्डं कागदाला जोडलेलीच राहिली. त्यांच्याखाली त्यानं स्वतः काय लिहिलं ते तिला दाखवलं नाही. तीन महिने म्हणजे काही मोठं नाही. उस्ताद पहिले दोन महिने नुसते तांदूळ धुवायला लावतो म्हणे.

"मग, आता विचारती," मी म्हटलं. "फुडची नोकरी घेणार न्हाई, असं म्हणतीस का?"

"न्हाई म्हणत."

"बरं."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मागं पिशव्या ओढणाऱ्या माणसांची रांग खोळंबली. मी म्हटलं, ऊठ, लोक शिव्या देतायत.

कडेगावात पोचले तेव्हा तानाजी दारातच उभा होता. पिशवी हातातून घेतली, पाणी दिलं, मी बसेपर्यंत थांबला. मग विचारलं.

"काय म्हणाली?"

"तीन महिने वरच्या हॉटेलात शिकणार. कराडच्या पाव्हण्यांना नगं म्हणून कळव."

"म्हंजे तुझंबी ऐकलं न्हाई तिनं. येणार न्हाई म्हणली?"

"येती म्हणली हुती," मी म्हटलं. "मीच नगं म्हणले."

तानाजीनं टोपी घातली, खोरं उचललं आणि उसाला पाणी पाजायला जातो म्हणून निघाला. विहिरीवरच्या मोटारीला लाइट संध्याकाळशिवाय येणार नव्हती. तरी गेला.